पॉलिसीत बसतं, पण तुम्हाला लागतं का?

पत्र :

ताई, माझं वय ४३. घरीच ब्लाउज शिवते. दोन वर्षांपासून पाळीत अंगावरून फार जातं, आठ-आठ दहा-दहा दिवस. हिमोग्लोबिन ८.६ आलं. सोनोग्राफीत पिशवीला ३.२ सेंटिमीटरची गाठ निघाली. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन एका हॉस्पिटलात पाठवलं. तिथल्या मॅडम माझ्याकडे न बघता मिस्टरांना म्हणाल्या, ‘दोन मुलं झालीत ना? मग पिशवी काढून टाका, उगाच उद्या कॅन्सरची भीती कशाला.’ बाहेर काउंटरवरच्या मुलीने मेडिक्लेम बघितला आणि म्हणाली, दोन वर्षं पूर्ण झालीत, बसतं. नणंदेचीही पिशवी तिथेच काढली, ती म्हणते सुटले एकदाची. सासूबाई म्हणतात, नाहीतरी आता तिचा काय उपयोग. पुण्याचे दीर म्हणतात, पॉलिसी मार्चला संपते, त्याआधी उरका. मुलाची बारावी फेब्रुवारीत, म्हणून सगळ्यांनी मिळून जानेवारीची तारीख धरली. मला नकोच आहे असं नाही, हवंच आहे असंही नाही. पण मला कुणी विचारलंच नाही. ठरवणार डॉक्टर, पैसे नवऱ्याच्या पॉलिसीचे, मग मध्ये बोलणारी मी कोण?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर :

तुमचं पत्र वाचताना मी पेन्सिलीने समासात रेघा मारत गेले. मिस्टर, दीर, नणंद, सासूबाई, नेहमीचे डॉक्टर, हॉस्पिटलच्या मॅडम, काउंटरवरची मुलगी. सात झाले. त्यात पॉलिसी आणि मुलाची बारावी धरली तर नऊ. पिशवी ज्यांच्या पोटात आहे त्यांचा नंबर दहावा, आणि तोही शेवटच्या ओळीत, प्रश्नचिन्हासकट.

त्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते सर्वोच्च न्यायालयाने देऊन ठेवलं आहे. मे १९९५ मध्ये दिल्लीत एक ४४ वर्षांची अविवाहित बाई तुमच्यासारखीच तक्रार घेऊन एका क्लिनिकमध्ये गेली. नऊ दिवस अंगावरून जात होतं. दुर्बिणीतून फक्त तपासणी करायची म्हणून तिला भूल दिली. आत बघितल्यावर डॉक्टरांना वाटलं, पिशवी काढायला हवी. बाई बेशुद्ध. मग सहायक डॉक्टर बाहेर आल्या, बाहेर बसलेल्या आईची सही घेतली, आणि पिशवी गेली, दोन्ही अंडाशयंही गेली. समीरा कोहली त्या बाईचं नाव. ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढली. १६ जानेवारी २००८ ला निकाल लागला : तपासणीला दिलेली संमती ही ऑपरेशनची संमती होत नाही. बाई सज्ञान होती, जिवावर बेतलेलं नव्हतं, ती शुद्धीवर येईपर्यंत थांबता आलं असतं. आईची सही चालणार नाही. डॉक्टरांनी वाईट हेतूने केलं असं न्यायालय म्हणालं नाही, हेही सांगते. त्यांना तिचं भलंच करायचं होतं. तरीही ते चूक ठरलं. (तेरा वर्षं लढून भरपाई मिळाली २५,००० रुपये. असो.)

त्याच निकालात डॉक्टरांनी रुग्णाला काय काय सांगायला हवं तेही आलं आहे. काय करणार, कशासाठी, फायदा काय, दुसरे उपाय कोणते, मोठे धोके कोणते, आणि नाही केलं तर काय होईल. तुमचं पत्र मी पुन्हा चाळलं. यातलं काही तुम्हाला कुणी सांगितल्याचं दिसत नाही. सांगितलं ते एवढंच, की बसतं.

तर बोलणाऱ्या तुम्ही कोण? ज्यांच्या सहीशिवाय कात्री लागू शकत नाही, त्या तुम्ही. हॉस्पिटल नवऱ्याचीही सही मागेल, तसा रिवाज आहे, करू द्या. पण तुमच्या सहीच्या जागी ती चालत नाही.

मी डॉक्टर नाही. सव्वीस वर्षं सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक होते. माझं टेबल ओपीडी आणि वॉर्ड यांच्या मधल्या बोळात, पंख्याखाली. सगळ्या सह्या माझ्यासमोर व्हायच्या. नातेवाईक फॉर्म हातात घेऊन यायचे आणि एकच विचारायचे, ‘मॅडम, कुठं करायची?’ कशावर करायची हे विचारणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आणि ज्याचं ऑपरेशन तो माणूस भिंतीला टेकून बाकावर, डबा मांडीवर घेऊन बसलेला.

आता तुमच्या त्या नऊजणांकडे वळते. सगळ्यांचा समाचार घेत नाही. सासूबाईंशी वाद घालण्यात अर्थ नाही आणि बारावीला काही बोलायची सोय नाही.

नेहमीच्या डॉक्टरांनी एकाच हॉस्पिटलची चिठ्ठी का दिली? कदाचित तिथल्या मॅडमचा हात चांगला म्हणून. कदाचित ‘कट’ म्हणून. रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन घेणं-देणं वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे गैर आहे. २०१७ मध्ये महाराष्ट्राने त्यासाठी वेगळ्या कायद्याचा मसुदासुद्धा तयार केला, तो मसुदाच राहिला. तुमचे डॉक्टर त्यातले आहेत असं मी म्हणत नाही. वर्षानुवर्षं तुमच्या मुलांचे ताप बघितलेला माणूस असेल. तुम्ही फक्त एवढं विचारा : ‘डॉक्टर, मला आणखी एका ठिकाणी दाखवायचं आहे, सरकारीत दाखवते, चिठ्ठी द्याल?’ सरळ माणूस लगेच पॅड ओढेल.

खरा कारभारी मला वेगळाच दिसतो. तो तुमच्या पत्रात तीनदा येऊन गेला, एकदा काउंटरवर, एकदा दिरांच्या तोंडून आणि एकदा तुमच्याच शेवटच्या ओळीत. पॉलिसी. बहुतेक मेडिक्लेम कशाचे पैसे देतो? दवाखान्यात भरती झालात तर. पाळीत तीन-चार दिवस घ्यायच्या गोळ्या, लोहाच्या गोळ्या, ओपीडीत बसवायची मिरेना (तांबीसारखी वस्तू, तिच्याबद्दल पुढे सांगते), यांचे पैसे बहुतेक वेळा खिशातून. म्हणजे जो उपाय खरोखर स्वस्त तो घराला महाग दिसतो, आणि पोट उघडायचा उपाय फुकट दिसतो. यात कुणी लबाड नाही. तुमचे दीर हिशेबाला पक्के आहेत, काउंटरवरच्या मुलीने तिला विचारलं तेवढंच सांगितलं. तिचं काम पॉलिसीत बसतं का ते बघणं. तुम्हाला लागतं का, हे बघणं तिचं काम नव्हे, आणि ज्यांचं होतं त्यांनी ते दोन वाक्यांत उरकलं.

मार्चची घाई तर सोडूनच द्या. बऱ्याच पॉलिसींत पिशवीच्या ऑपरेशनला पहिली दोन वर्षं थांबावं लागतं, म्हणून ती मुलगी दोन वर्षं म्हणाली. ती एकदा भरली की भरली. वेळेत हप्ता भरून पॉलिसी पुढे चालू ठेवली तर एप्रिलमध्ये पुन्हा एकपासून मोजावं लागत नाही. दिरांना एवढं फोनवर सांगा. ते हिशेबी आहेत, त्यांना लगेच पटेल.

पैसा दवाखान्याबाहेरूनसुद्धा ऑपरेशन ठरवतो, हे आपण बीडमध्ये बघितलं. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी जाते, तिला कोयता म्हणतात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली. एक दिवस काम बुडालं की खाडा, आणि खाड्याला पाचशे रुपये कापले जातात, असं बायका सांगत होत्या. पाळीचे चार दिवस म्हणजे चार खाडे. फडात ना पाणी ना आडोसा. मग पिशवीच नको. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे जी पाहणी आली, तिच्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. शंभरात जवळजवळ सतरा. देशभरात १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांत हा आकडा तीनच्या आसपास आहे. त्या बायकांनाही दवाखान्यात ‘कॅन्सर होईल’ असंच सांगितलं होतं. भीती डॉक्टरने घातली, घाई मुकादमाची होती, आणि सही बाईची. पुढे बीडमध्ये खासगी दवाखान्यांना या ऑपरेशनआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायला लावली. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक पिशवी काढण्याबद्दलच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत लागू करा असं सगळ्या राज्यांना सांगितलं. तुम्ही फडात नाही, पंख्याखाली मशीनवर बसता. तुमचा मुकादम ३१ मार्च आहे, एवढाच फरक.

एक घरातली गोष्ट सांगते, म्हणजे मी शहाणी आहे असं तुम्हाला वाटायला नको. २०१५ साली माझ्या नवऱ्याची अँजिओग्राफी झाली. जिना चढताना छाती भरून यायची, बसलं की थांबायचं. हॉस्पिटलचं नाव नको. आत नेल्यावर वीस मिनिटांनी दार उघडलं, हिरव्या टोपीतला तरुण डॉक्टर बाहेर आला आणि स्क्रीन दाखवून म्हणाला, ‘दोन ब्लॉक आहेत. आत्ताच दोन स्टेंट टाकून घेऊ या, पुन्हा टोचायला नको. दहा मिनिटांत सांगा.’ जन्मभर दुसऱ्यांना ‘विचारा, विचारा’ म्हणणारी मी. कोल्हापूरच्या भावाला फोन लावला, तो म्हणाला टाक. केली सही. संध्याकाळी नवरा खाटेवर बसून चहा पिताना म्हणाला, ‘मी जागाच होतो गं. काचेतून दिसत होतीस. फोनवर बोलत होतीस. मला वाटलं, आता मला विचारायला येशील.’

त्याला भूल नव्हती. फक्त मनगट बधिर केलेलं. माझ्यापासून पंधरा पावलांवर शुद्धीत पडलेल्या माणसाला न विचारता आम्ही तिघांनी, म्हणजे मी, टोपीवाल्याने आणि कोल्हापूरच्या फोनने, त्याच्या हृदयाचं ठरवून टाकलं.

एकेका स्टेंटला तेव्हा लाखाच्या वर मोजले. औषध लावलेल्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरली ती फेब्रुवारी २०१७ मध्ये, आमच्यानंतर. आणि २०१९ मध्ये ५,१७९ रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास जाहीर झाला, भारतातलेही रुग्ण त्यात होते. दुखणं स्थिर असलेल्या माणसांत आधी औषधं देऊन बघितली काय आणि लगेच स्टेंट किंवा बायपास केली काय, मृत्यू आणि झटक्यांत म्हणावा असा फरक पडला नाही. छातीचं दुखणं मात्र स्टेंटवाल्यांचं जास्त कमी झालं. झटका आलेला असताना गोष्ट वेगळी, तिथे मिनिटं मोजायची असतात आणि विचारत बसायचं नसतं. पण आमच्याकडे झटका नव्हता, जिना होता. स्टेंट चुकले असं मी म्हणत नाही, तो आज तीन मजले चढतो. पण ते दहा मिनिटांत ठरवायचं काम नव्हतं, आणि ते माझं तर नव्हतंच.

म्हणून तुमच्या मिस्टरांना दोष देऊ नका. मॅडम त्यांच्याशी बोलल्या, ते ऐकत बसले. काळजीपोटी माणूस मान हलवतो. रात्री जेवणं झाल्यावर त्यांना एवढंच म्हणा, ‘मला ऑपरेशन नको असं नाही, पण मला आधी समजून घ्यायचंय, आणि तुम्ही बरोबर हवेत.’ भांडण नको, त्यांना तुमच्या बाजूला बसवा.

आता पिशवीचं. जे मला वर्षानुवर्षं चांगल्या डॉक्टरांच्या तोंडून ऐकायला मिळालं तेवढंच सांगते, खात्री डॉक्टरांकडूनच करा.

हिमोग्लोबिन ८.६ ही थट्टा नाही. ऑपरेशन होवो न होवो, रक्त भरून काढणं आजपासून. तासाला एक पॅड भिजायला लागला, चक्कर आली, चार पावलांत दम लागला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, माझ्या पत्राची वाट बघू नका.

गाठ किती सेंटिमीटरची यापेक्षा ती कुठे आहे हे महत्त्वाचं. पिशवीच्या आतल्या पोकळीत डोकावणारी छोटी गाठ खूप त्रास देते, बाहेरच्या बाजूची मोठी गाठ कधी कधी काहीच करत नाही. तुमच्या रिपोर्टमध्ये ते लिहिलेलं असेल, कुणी वाचून दाखवलं नाही एवढंच. अशा गाठींचा कॅन्सर होणं फार क्वचित, आणि पाळी गेल्यावर त्या बहुतेक वेळा आकसतात. तरी चाळिशीनंतर एवढं अंगावरून जात असेल तर पिशवीच्या अस्तराचा छोटा नमुना घेऊन तपासतात. कॅन्सरच्या भीतीवर उत्तर ही तपासणी आहे. तुमची ती झाली का? पत्रात नाही. थायरॉइड तपासला का? तेही नाही. पिशवी काढायची तारीख मात्र आहे.

उपाय तीन-चार आहेत. पाळीत रक्त कमी करणाऱ्या गोळ्या. हार्मोनच्या गोळ्या. मिरेना, म्हणजे तांबीसारखी पिशवीत बसवायची वस्तू, तिच्यातून थोडं थोडं हार्मोन सुटतं आणि काही महिन्यांत पाळी बरीच कमी होते. गाठीने पोकळी वेडीवाकडी झाली असेल तर मात्र ती बसत नाही. गाठ आतल्या बाजूला असेल तर दुर्बिणीतून तेवढीच काढता येते. आणि पिशवी काढणं हाही उपाय आहेच. तुमची नणंद सुटले म्हणते ते खोटं नाही. सगळं करून दमलेल्या कित्येक बायका मी ऑपरेशननंतर हसताना बघितल्या आहेत. फक्त त्यांची इतर दारं आधी ठोठावून झालेली होती.

नणंदेला एक विचारा, ‘पिशवीबरोबर अंडाशयं काढली का ठेवली?’ मला शंका आहे, तिला ठाऊक नसेल. वॉर्डात मी हे विचारायचे तेव्हा दहात सात जणी नवऱ्याकडे बघायच्या आणि नवरे छताकडे. अंडाशयं गेली की चाळिशीतच एका रात्रीत पाळी जाण्याचं सगळं अंगावर येतं, वाफा, झोप उडणं, पुढे हाडं ठिसूळ होणं. नणंदेच्या डिस्चार्ज कार्डावर ते लिहिलेलं असेल. कार्ड हरवलं असेल तर लेखी अर्ज देऊन कागद मागावे, ७२ तासांत द्यावे लागतात. आणि तुमच्या बाबतीत हा प्रश्न सही करण्याआधी तुम्ही स्वतः विचारायचा.

दुसरं मत कुठे घ्यायचं? सांगलीचं सिव्हिल किंवा मिरजेचं सरकारी मेडिकल कॉलेज. तिथे रांग असते, ओरडाआरडा असतो, मला सांगू नका, मी त्यातलीच. पण तिथल्या डॉक्टरला तुमचं ऑपरेशन करून काही मिळायचं नाही आणि न करून काही जायचं नाही. मत घ्यायला एवढी लायकी पुरे. ऑपरेशन पुढे कुठेही करा. पहिल्या मॅडमना वाईट वाटेल याची चिंता करू नका. दुसरं मत घेणं हा रुग्णाचा हक्क आहे, २०१८ मध्ये राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत तो आहे. महाराष्ट्रात २०२१ पासून खासगी दवाखान्यांनी रुग्णहक्कांची सनद दिसेल अशी लावायची आहे. तुमच्या हॉस्पिटलात ती कुठे लावलीय ते जाता जाता बघा. बहुतेक पाण्याच्या कूलरमागे.

आत गेल्यावर रुग्णाच्या स्टुलावर तुम्ही बसायचं आणि मिस्टरांनी मागच्या खुर्चीवर. हसू नका. ओपीडीत जो स्टुलावर असतो त्याच्याशी डॉक्टर बोलतात, हे मी सव्वीस वर्षं बघितलंय. मिस्टरांकडे बघून बोलायला लागले तर म्हणा, ‘डॉक्टर, मला सांगता का? मला होतंय.’

आणि सगळं ऐकून तुम्हाला वाटलं की काढूनच टाकावी, तर काढा, मी कोण अडवणारी. मग तारीख तुम्ही धरा. सहा आठवडे जड उचलणं बंद, मशीनवर कधी बसायचं ते डॉक्टरांना विचारा, लग्नसराईची ऑर्डर त्याप्रमाणे घ्या, आणि स्वयंपाक कोण करणार हे नणंदेसमोर ठरवून घ्या. ती सुटले म्हणतेय तर तिला माहीत असेल किती दिवस लागतात.

जाताना सोनोग्राफीची फिल्म आणि रिपोर्ट दोन्ही न्या, रक्ताचे जुने-नवे सगळे कागद न्या. भिंतीवरच्या कालनिर्णयात पाळीच्या तारखांना गोल केलेला असेलच, त्या पानांचे फोटो काढून घ्या, डॉक्टरांना बोलण्यापेक्षा ते जास्त सांगतात. प्रश्न सुट्या कागदावर लिहू नका, तो हातातल्या पिशवीत हरवतो. मापं लिहायची वही असेल ना तुमची, तिचंच मागचं पान उघडा, आणि डॉक्टर काय म्हणाले ते तिथेच, स्टुलावर बसल्या बसल्या, त्यांच्यासमोर लिहा.